साइ थी साइंगच्या मुलखात

३ नोव्हेंबर २०१९, यांगून

कोलकात्याहून विमान दुपारी पोचलं. टॅक्सीत रॅप चालू होतं. भाच्याने गायक कोण म्हणून विचारलं, तर ड्रायव्हरने सिग्नलपलीकडच्या भल्यामोठ्या जाहिरातीकडे बोट केलं. साइ साइ खाम लेंग. रॅपर, नट, जाहिरातींतला चेहरा. जन्म १९७९चा, तौंजीचा. ‘शान,’ ड्रायव्हरने पुढे एवढंच सांगितलं.

शान हा म्यानमारच्या पूर्वेकडच्या डोंगराळ मुलखातला समाज. ते स्वतःला ताई म्हणवतात, त्यांची भाषा थाई आणि लाओच्या कुळातली, आणि आपल्या आसामातले आहोम त्यांचेच दूरचे भाऊबंद. शान पुरुषाच्या नावाआधी ‘साइ’ लागतं, बाईच्या नावाआधी ‘नांग’. त्यामुळे म्यानमारच्या गायकांची यादी वाचताना शान कोण ते लगेच कळतं, आणि यादीत ते बरेच निघतात.

आम्ही ज्यांच्यासाठी आलो होतो ते मात्र या रॅपरच्या आधीच्या पिढीचे. साइ थी साइंग. जन्म १९५०, शान राज्याच्या दक्षिणेला लांगखो गावात. बर्मी लोक त्याला लिन-खे म्हणतात. मृत्यू यांगूनमध्ये, १० मार्च २००८. मी रत्नागिरीचा. उमेदीची वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली, आणि नव्वदच्या दशकात आमच्या जहाजांवर बर्मी खलाशी पुष्कळ असत. त्यांच्या केबिनमधून याच माणसाचा आवाज यायचा. शब्द कळत नसत. पण गिटारवर संथ चालणारी, कुठेही गळा न ताणता म्हटलेली ती गाणी डोक्यात बसली ती बसलीच. निवृत्त झाल्यावर ती नावानिशी शोधली, आणि पुण्यात गिटार शिकवणाऱ्या भाच्याला ऐकवली. ‘मामा, जाऊया,’ हे त्यानेच आधी म्हटलं.

संध्याकाळी सुले पॅगोड्याच्या आसपास फिरलो. फुटपाथवर गाण्यांच्या पातळ वह्या विकायला असतात: वर शब्द, त्यावर गिटारचे कॉर्ड. भाच्याने साइ थी साइंगची वही मागितली. विकणाऱ्याने ढिगात शोधाशोध न करता हातात ठेवली. त्याला ती कुठे आहे हे पाठ होतं, कारण ती रोज विकली जाते.

५ नोव्हेंबर, मंडाले

मराठी माणूस मंडालेला येऊन किल्ल्याकडे न जाता परत गेला, असं व्हायचं नाही. टिळक १९०८ ते १९१४ इथल्या तुरुंगात होते आणि गीतेवरचा ग्रंथ त्यांनी इथेच लिहिला. आता किल्ल्याचा बहुतेक भाग लष्कराकडे आहे, परदेशी माणसाला पूर्वेच्या एकाच दरवाजाने आत सोडतात आणि ठरलेल्या रस्त्यानेच राजवाड्यापर्यंत जाता येतं. रत्नागिरीकर म्हणून माझी आणखी एक ओढ होती. याच राजवाड्यातून १८८५ साली थिबा राजाला इंग्रजांनी बैलगाडीतून काढलं, आणि १९१६ साली तो आमच्या गावात वारला. थिबा हे त्याला मिळालेल्या जहागिरीचं नाव. ती जहागीर म्हणजे सीपॉ, एक शान संस्थान. परवा आम्ही तिथेच जाणार आहोत.

पण मंडालेला येण्याचं खरं कारण विद्यापीठ. साठच्या दशकाच्या शेवटी लांगखोचा हा मुलगा शिकायला इथे आला आणि त्याला साइ खाम लेक भेटले. तेही शान, आणि वैद्यकीचे विद्यार्थी. पुढे ते डॉक्टर झाले, आणि आयुष्यभर शब्द आणि चाली दोन्ही लिहीत राहिले. एकाने रचायचं आणि दुसऱ्याने गायचं, ही जोडी मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. गदिमा आणि बाबूजी म्हटलं की पुरे. १९७३ साली दोघांनी मिळून ‘द वाइल्ड वन्स’ नावाचा बँड काढला.

त्या काळात बर्मामध्ये काय वाजत होतं, हे ध्यानात घेतलं पाहिजे. १९६२ साली जनरल ने विनने सत्ता घेतली. रेडिओ एकच, सरकारी, आणि त्याला पाश्चात्त्य धाटणीचं संगीत नको होतं. पोरांना मात्र गिटार हवी होती. त्यातून खासगी स्टुडिओत ध्वनिमुद्रण करून कॅसेटवर विकायची ‘स्टीरिओ’ गाणी आली. यातली पुष्कळशी गाणी इंग्रजी चालींवर बर्मी शब्द बसवलेली होती. तिकडे त्यांना सरळ ‘कॉपी’च म्हणतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. वाइल्ड वन्सने स्वतःच्या चाली आणल्या. गिटार, ड्रम सगळं तेच, पण चालीत डोंगर शान मुलखाचे.

रात्री भाच्याने गेस्टहाउसच्या गच्चीवर वहीतलं एक गाणं वाजवून पाहिलं. कॉर्ड चारच, सोपे. ‘मामा, हे वाजवायला सोपं आणि गायला अवघड आहे,’ तो म्हणाला. बर्मी आणि शान दोन्ही भाषांत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. म्हणजे चाल बांधताना शब्दाचा स्वतःचा चढउतार सांभाळावा लागतो, नाहीतर ऐकणाऱ्याला भलताच शब्द ऐकू येतो. डॉक्टरसाहेबांनी हे दोन भाषांत सांभाळलं. मला हे त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

७ नोव्हेंबर, रेल्वेने सीपॉ

मंडालेहून पहाटे चारची गाडी. लाकडी बाकं, उघड्या खिडक्या, आणि गाडी इतकी हेलकावते की वरच्या फळीवरच्या पिशव्या जागा बदलतात. प्यिन ऊ ल्विनला, म्हणजे इंग्रजांच्या मेम्योला, थंडी वाजायला लागली. पुढे गोटेकचा पूल. १९०० साली बांधून झाला, ६८९ मीटर लांब, दरीपासून सुमारे १०० मीटर उंच. त्यावरून गाडी पायी चालणाऱ्याच्या वेगाने जाते. ऑगस्टमध्येच या टापूत बंडखोर संघटनांनी हल्ले केले होते, त्यात लष्कराच्या प्रबोधिनीवरही. पुलावर बंदूकधारी शिपाई उभे होते. डब्यातल्या बायका त्यांच्याकडे बघतही नव्हत्या, त्या फणसाचे गरे वाटण्यात गुंतल्या होत्या. एक वाटा आम्हालाही मिळाला.

सीपॉला दुपारी पोचलो. जेवणात शान नूडल्स आणि हरभऱ्याच्या पिठाचा पिवळा, मऊसर तोफू, वर शेंगदाण्याचं कूट आणि तिखटाचं तेल. भाच्याने दोनदा मागून घेतला.

८ नोव्हेंबर, सीपॉ

शान राजांना साओफा म्हणतात. सीपॉचा शेवटचा साओफा साओ क्या सेंग. अमेरिकेत कोलोरॅडोला खाणकाम अभियांत्रिकी शिकून आलेला, आणि शेतकऱ्यांना त्यांच्या जमिनी देऊन टाकणारा. २ मार्च १९६२ला लष्कराने सत्ता घेतली तेव्हा त्याला पकडलं, आणि त्यानंतर तो कुणालाही दिसला नाही. सरकारने कधी कबूल केलं नाही. त्याची ऑस्ट्रियन राणी दोन मुली घेऊन देशाबाहेर पडली. तो राहायचा ते घर गावाबाहेर आहे, जुन्या इंग्रजी बंगल्यासारखं. घराण्यातल्या एका बाईंनी आम्हाला दिवाणखान्यात बसवून हे सगळं शांतपणे सांगितलं, भिंतीवरच्या फोटोंकडे हात करत. मी रत्नागिरीचा आहे म्हटल्यावर त्यांनी थिबाच्या राजवाड्याबद्दल बारीक बारीक विचारलं: छप्पर गळतं का, कोण बघतं, लोक येतात का. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं.

हा इतिहास गाण्यांपासून दूरचा नाही. १२ फेब्रुवारी १९४७ला पांगलाँग या शान गावात बर्माच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते आँग सान यांनी शान साओफा, काचिन आणि चिन प्रतिनिधींबरोबर करार केला, आणि त्यावर स्वतंत्र बर्माचं संघराज्य उभं राहिलं. त्याच वर्षीच्या राज्यघटनेत शान राज्याला दहा वर्षांनी बाहेर पडण्याचा हक्क होता. तो कधी वापरता आला नाही. १९५८पासून शान तरुण बंदुका घेऊन जंगलात गेले. १९६२नंतर सरकारी शाळांतून शान भाषा गेली. साइ थी साइंग तेव्हा बारा वर्षांचे होते. म्हणजे त्यांची पिढी ही घरात एक भाषा बोलणारी आणि शाळेत दुसऱ्याच भाषेत शिकलेली.

साइ खाम लेक यांनी या करारावर एक शान गाणं लिहिलं. ते गायलं साइ साइ माओ यांनी. रॅपरशी नाव मिळतंजुळतं असलं तरी हे वेगळे, खूप आधीचे. दिलेला शब्द कुणी मोडला, असं विचारणारं गाणं. त्याच्या कॅसेट हातोहात फिरल्या. सीपॉतल्या चहाच्या दुकानात मी त्याचा विषय काढला, तर मालकाने आधी दाराबाहेर पाहिलं, आणि मग गुणगुणून दाखवलं.

१० नोव्हेंबर, तौंजी

सीपॉहून रात्रभराची बस. तौंजी ही शान राज्याची राजधानी, सुमारे १४०० मीटर उंचीवर. आत्ता इथे ताझाउंगदाईंचा उत्सव आहे, म्हणजे आपली त्रिपुरी पौर्णिमा. इकडे दीपमाळेऐवजी कागदाचे प्रचंड फुगे धगीने आकाशात सोडतात. दिवसा हत्ती, मासे, बदकं अशा आकारांचे. रात्री वेगळे: काहींच्या अंगावर शेकडो छोटे दिवे टांगलेले, काहींच्या खाली दारूकाम बांधलेलं, ते वर जाऊन फुटत राहतं. लोक फुग्याभोवती ढोल वाजवत नाचतात. शान ढोल लांब, एका टोकाला कर्ण्यासारखा पसरट, खांद्याला अडकवून वाजवायचा. सोबत झांजा आणि ओळीने बांधलेल्या घंटा. भाचा त्या ठेक्याच्या मागे लागला आणि मला गर्दीत अर्धा तास सापडला नाही.

दिवसा आम्ही शान साहित्य-संस्कृती संघटनेच्या एका स्वयंसेवकाकडे गेलो. निवृत्त शिक्षक, मी त्यांना इथल्या रीतीने ‘लुंग’ म्हणजे काका म्हणालो, वयाने ते माझ्याहून थोडेच मोठे असले तरी. उन्हाळ्याच्या सुट्टीत विहारांमधून मुलांना शान लिपी शिकवायचं काम त्यांनी तरुणपणापासून केलं. ते वर्ग कधी चालायचे, कधी बंद पाडले जायचे. मुलं अक्षरं गिरवायला कंटाळली की लुंग फळ्यावर गाण्याच्या ओळी लिहायचे. गाणं पाठ असायचंच. अक्षर कोणतं ते मुलं ओळीवरून शोधायची. साइ थी साइंग सुरुवातीला शान भाषेतच गात. पुढे बर्मी गाण्यांनी ते देशभर गेले, पण लुंगच्या वर्गात कामी आली ती आधीची.

इथेच मला हवा होता तो विषय निघाला. १९८८ला लोकांचा उठाव चिरडला गेला, नवं लष्करी मंडळ आलं, आणि त्याने कलावंतांना आपल्या कार्यक्रमांना जुंपलं. नव्वदच्या दशकात साइ थी साइंग सरकारच्या बाजूची गाणी गायला लागले. एकीची, विकासाची, लष्कराने मंजूर केलेल्या शब्दांची. लोक त्यांच्यापासून तुटले. जे खलाशी माझ्या जहाजावर त्यांच्या कॅसेट लावत, त्यांच्यातलाच एकजण नवीन कॅसेट कुणी आणली तर हातही लावत नसे. तेव्हा त्याचं कारण मला कळलं नव्हतं.

लुंग म्हणाले की नकार दिला असता तर गाणं बंद झालं असतं, बँड संपला असता, आणि कदाचित आणखी वाईट काही. त्या काळात कुणी कशाला हो म्हटलं याचा हिशेब ते मांडत नाहीत. त्यांची भाची चहा घेऊन आली होती, तिशीतली. ती थांबली आणि तिने स्पष्ट सांगितलं की आपल्या घरात ती गाणी लावत नाहीत. तिचं आजोळ लांगखो भागातलं. १९९६ ते १९९८ या काळात लष्कराने बंडखोरांची रसद तोडायची म्हणून मध्य आणि दक्षिण शान राज्यातली गावंच्या गावं उठवली. शान मानवाधिकार संघटनेने नोंदवलेला आकडा १४००हून जास्त गावांचा आणि ३ लाखांहून जास्त माणसांचा आहे. लांगखो त्यात होतं. हजारो कुटुंबं सीमा ओलांडून थायलंडला गेली, तिथे त्यांना निर्वासित म्हणून मान्यताही मिळाली नाही. संत्र्याच्या बागांत आणि बांधकामांवर मजुरी करत राहिली. तिचे आजीआजोबा त्यांच्यातलेच. ‘त्याच वर्षी टीव्हीवर ते गात होते,’ ती म्हणाली.

खोलीत वाद झाला नाही. लुंगनी तिला बसायला सांगितलं आणि तिचा कप भरला.

मी रात्री बराच वेळ जागा होतो. मला त्या मुलीचं म्हणणं पटतं. ज्या खोऱ्याने आवाज दिला ते खोरं रिकामं होत असताना तो आवाज रिकामं करणाऱ्यांच्या कार्यक्रमात होता, आणि हे पुसता येत नाही. धाक होता हे खरं. पण धाक सगळ्यांनाच होता, आणि काहींनी गप्प राहणं पत्करलं. मात्र यावरून १९७० आणि ८०च्या दशकांतलं त्यांचं सगळं काम मोडीत काढणारेही मला इथे भेटले, त्यांच्याशी मी सहमत नाही. यांगूनच्या पोराने, मंडालेच्या रिक्षावाल्याने शान डोंगरांतलं धुकं, तिथली थंडी, तिथला मुलगा कसा प्रेमात पडतो हे पहिल्यांदा ऐकलं ते याच गळ्यातून. त्याआधी त्यांच्यासाठी शान म्हणजे बातमीतले बंडखोर.

११ नोव्हेंबर, तौंजी

पौर्णिमा. लांगखोला जायची परवानगी काही मिळाली नाही. त्या बाजूला परदेशी माणसाला सोडत नाहीत. ते गाव आम्ही पाहिलं नाही. लुंगनी नकाशावर दाखवलं: तेंग नदीचं खोरं, आजूबाजूला भातशेती, मागे सागाचे डोंगर.

रात्री मैदानावर एका फुग्याने वर जाता जाता पेट घेतला आणि दारूकाम गर्दीवर आलं. लोक पळाले, मग हसत परत आले. ओळखीच्या पोरांनी भाच्याला गिटार दिली. त्याने वहीतलं तेच चार कॉर्डचं गाणं धरलं, शब्द त्याला येत नव्हते, ते पोरांनी म्हटले. सगळी विशीच्या आतली. साइ थी साइंग वारले तेव्हा यांतली काही शाळेतही गेली नसतील.

१२ नोव्हेंबर, न्याउंग श्वे

इनले सरोवराच्या काठचं गाव, सगळे पर्यटक इथेच उतरतात. सरोवर सुंदर आहे आणि त्याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. आम्ही सकाळी इथल्या साओफांचा वाडा पाहिला. साओ श्वे थाईक इथले, पांगलाँगच्या करारावर सही करणारे, आणि १९४८ला स्वतंत्र बर्माचे पहिले राष्ट्राध्यक्ष. १९६२च्या त्या मार्च रात्री त्यांच्या यांगूनच्या घरावर सैनिक आले, त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा गोळीने मेला, आणि ते स्वतः त्याच वर्षी तुरुंगात वारले. वाड्याचे सागवानी खांब जाड आहेत आणि दालनं बरीचशी रिकामी.

१४ नोव्हेंबर, यांगून

परतीच्या आधी एका जुन्या कॅसेटच्या दुकानात तास घालवला. मालक चिनी-शान, दुकान वडिलांचं. त्याच्याकडून कळलं की अंत्ययात्रेला माणसं खूप होती, नव्वदच्या दशकात पाठ फिरवलेलीही. तो मार्च २००८. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २ मेला, नर्गीस चक्रीवादळ आलं आणि देशाला दुसरं काही सुचायला उसंत राहिली नाही.

हे टिपण मी तेव्हा वहीत लिहिलं होतं. आता ते जसंच्या तसं उतरवताना काही जोडायला हवं. १ फेब्रुवारी २०२१ला लष्कराने पुन्हा सत्ता घेतली, आणि आम्ही ज्या वाटेने गेलो ती सगळी युद्धाखाली गेली. सीपॉ २०२४च्या लढाईत हातातून हातात गेलं. मंडालेला २८ मार्च २०२५चा भूकंप झाला. लुंगशी निरोपानिरोपी चालू आहे, ते बरे आहेत.

कुणाला ही गाणी ऐकायची असतील तर इंटरनेटवर पुष्कळ मिळतात. आधी साइ खाम लेक यांची शान गाणी ऐका, साइ साइ माओ यांच्या आवाजातलं पांगलाँगचं गाणंसुद्धा. मग साइ थी साइंग यांची सत्तरच्या दशकातली बर्मी ध्वनिमुद्रणं, जिथे एकच गिटार आणि पुढे आवाज आहे ती. नंतरची सिंथेसायझरवाली मला तेवढी आवडत नाहीत. आणि नव्वदच्या दशकातलं एखादं सरकारी गाणंही जरूर ऐका. गळा तोच आहे, तयारीही तीच, पण ओळीच्या शेवटी जो एक श्वास ते जुन्या गाण्यांत सोडून देत, तो तिथे मला सापडत नाही. भाचा म्हणतो, ते माझ्या कानाचं आहे, रेकॉर्डिंगमध्ये तसं काही नाही.